फीचर रिक्वेस्ट

फीचर रिक्वेस्ट : सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने ते बनवणाऱ्याकडे केलेली नव्या सोयीची मागणी. जे आहे ते नीट चालत नसेल तर तो बग; जे मुळातच नाही ते द्या म्हटले की फीचर रिक्वेस्ट. कागदावर ही सीमारेषा स्वच्छ दिसते, पण पहिला वाद तिच्यावरूनच होतो. ‘हे असे चालायलाच हवे’ असे वापरणारा म्हणतो. ‘असे चालेल असे आम्ही कधी म्हटलेच नव्हते’ असे बनवणारा म्हणतो. पुण्या-मुंबईच्या ज्या कंपन्या ठरावीक रकमेच्या करारावर ग्राहकांची कामे करतात, तिथे या वादात पैसा असतो. बग ठरला तर दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने, नवी मागणी ठरली तर चेंज रिक्वेस्ट, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘सीआर’, आणि त्याचे तास व बिल वेगळे. करार असला की मागणीला निदान भाव तरी असतो. लाखो लोक जे सॉफ्टवेअर वापरतात आणि ज्याच्या बाबतीत मागणारा व देणारा यांच्यात कसलाही करार नसतो, तिथे उत्तर कसे दिले जाते हा या नोंदीचा विषय आहे.

नोंदणी आणि निकाल

मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता व बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, प्रकल्पांत मागण्यांची नोंदवही उघडी असते, त्यामुळे उत्तराची पद्धत तिथे नीट पाहता येते. डेबियन या लिनक्स वितरणात बग आणि मागणी दोन्ही एकाच वहीत जातात; मागणीच्या गांभीर्याच्या रकान्यात ‘विशलिस्ट’ असा शेरा पडतो. मोझिला या ब्राउझर प्रकल्पासाठी १९९८ मध्ये खुली झालेली बगझिला ही वही पुढे असंख्य प्रकल्पांनी घेतली आणि तिच्याबरोबर निकालाचे शब्दही पसरले: फिक्स्ड, इनव्हॅलिड, डुप्लिकेट, वर्क्सफॉरमी (‘माझ्याकडे तर नीट चालते’) आणि सर्वांत जास्त रोष ओढवून घेणारा वोन्टफिक्स, म्हणजे ‘करणार नाही’. सुरुवातीला त्या यादीत ‘लेटर’ आणि ‘रिमाइंड’ असे आणखी दोन निकाल होते. पुढे ते मूळ यादीतून काढून टाकण्यात आले, आणि ते बरेच झाले. ‘नंतर बघू’ म्हणून बंद केलेली मागणी कोणीही पुन्हा उघडून बघत नाही. मागणाऱ्यालाही तो नकार आहे हे कळत नाही.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने नकारालाही इतिहासात जागा दिली आहे. २००० सालापासून तिथे प्रत्येक मोठ्या सूचनेचा ‘पेप’ नावाचा क्रमांकित मसुदा लिहिला जातो. फेटाळलेला मसुदा पुसत नाहीत. तो कारणांसह तसाच राहतो, म्हणजे तीच मागणी पाच वर्षांनी नव्या माणसाने आणली तर जुने उत्तर दाखवता येते. एका मागणीचे उत्तर तर भाषेच्या आतच बसवलेले आहे. पायथनमध्ये ब्लॉक, म्हणजे एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट, दाखवायला महिरपी कंस वापरत नाहीत, डावीकडे मोकळी जागा सोडतात, आणि इतर भाषांतून आलेले लोक कंस हवेत म्हणत राहतात. पुढच्या आवृत्तीतली सोय आजच मागवण्यासाठी पायथनमध्ये एक आज्ञा आहे. तिच्यातून कंस मागवून पाहिले, की ‘शक्यच नाही’ अशा अर्थाचा एररचा संदेश हजर होतो.

मतांची मोजणी

मागण्या वाढल्या की कोणती आधी घ्यायची हा प्रश्न येतो आणि मते मोजणे हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर २०१६ पर्यंत मत द्यायची सोयच नव्हती. एखाद्या मागणीला पाठिंबा द्यायचा तर खाली ‘+१’ एवढीच कमेंट टाकायची, आणि अशा प्रत्येक ‘+१’ची ईमेल त्या चर्चेत असलेल्या प्रत्येकाला जायची. प्रकल्प फुकट सांभाळणाऱ्या मेंटेनरची इनबॉक्स सकाळी उघडावी तर त्यात मजकूर म्हणून एवढेच. जानेवारी २०१६ मध्ये अनेक नामांकित प्रकल्पांच्या मेंटेनरांनी गिटहबला खुले पत्र लिहिले आणि मत देण्याची वेगळी सोय मागितली. मार्चमध्ये गिटहबने रिअॅक्शन आणल्या. त्या सहा चिन्हांतला अंगठा कोणालाही ईमेल न पाठवता मत नोंदवतो. मागण्यांचा पूर कसा आवरायचा ही मेंटेनरांची अडचण, आणि तीही शेवटी मागणी करूनच सुटली.

मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरने पुढे याच अंगठ्यांवर नियम बसवला. नवी मागणी आली आणि टीमला ती थेट स्वीकारायची किंवा फेटाळायची नसेल, तर एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, खाली संदेश टाकतो: साठ दिवसांत वीस अंगठे मिळाले तर मागणी बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे करायच्या कामांच्या यादीत, जाईल, नाहीतर बंद होईल. पद्धत रुक्ष आहे, पण मागणाऱ्याला मुदत कळते आणि अटही कळते. अर्थात बॅकलॉगमध्ये जाणे म्हणजे काम सुरू होणे नव्हे. एडिटरची टॅब ओढून वेगळ्या खिडकीत नेता यावी ही मागणी तिथे २०१६ मध्ये नोंदली गेली. ती सर्वाधिक अंगठ्यांच्या मागण्यांपैकी होती, तरी ती सोय आली नोव्हेंबर २०२३ च्या आवृत्तीत. सगळा कोड ‘खिडकी एकच आहे’ असे गृहीत धरून लिहिलेला होता आणि ते गृहीतक जागोजागी उपटून काढावे लागले.

मोजणीत लहान गटाचे नेहमीच नुकसान होते. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन २०१५ पासून संपादकांकडून मागण्या मागवून मतदान घेत आली आहे आणि वरच्या क्रमांकाच्या मागण्यांवर तिची एक टीम काम करते. इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांची संख्या पाहता विकिस्रोत हे मुक्त ग्रंथालय किंवा विक्शनरी हा शब्दकोश यांची मागणी वर येणे अवघडच. म्हणून २०२० च्या फेरीत विकिपीडियासारखे मोठे प्रकल्प बाहेर ठेवून फक्त लहान प्रकल्पांच्या मागण्या घेतल्या गेल्या. निवडून आलेल्यांत विकिस्रोतावरील पुस्तके ई-पुस्तक म्हणून नीट उतरवून घेता यावीत, ही मागणी होती. मराठी विकिस्रोत वापरणाऱ्यालाही तिचा उपयोग आहे. पण केवळ मराठी संपादकांच्या मतांवर ती कधी निवडून आली असती असे वाटत नाही.

मागणी आणि गरज

डॉक्टरकडे जाऊन दुखणे न सांगता थेट गोळीचे नाव सांगणाऱ्या पेशंटसारखी बहुतेक मागण्यांची तऱ्हा असते. गरज वेगळी असते आणि तिच्यावर वापरणाऱ्याने स्वतःच सुचवलेला उपाय मागणी म्हणून येतो. जीमेलमधले ‘अनडू सेंड’ याचे चांगले उदाहरण आहे. पाठवलेली ईमेल परत घेता आली पाहिजे ही इच्छा ईमेलइतकीच जुनी. पण ईमेल दुसऱ्याच्या सर्व्हरवर पोचली की ती परत ओढता येत नाही. शब्दशः घेतली तर ही मागणी अशक्य कोटीतली. मार्च २००९ मध्ये जीमेल लॅब्ज या प्रायोगिक विभागात जे आले ते एवढेच: ‘सेंड’ दाबल्यावर ईमेल पाच सेकंद जीमेलकडेच थांबते आणि तेवढ्या वेळात पाठवणे रद्द करता येते. ‘रिप्लाय ऑल’ चुकून दाबले गेले हे बहुतेकांना पहिल्या दोन-तीन सेकंदांतच उमगते, त्यामुळे गरज भागली. पुढे थांबण्याची मुदत तीस सेकंदांपर्यंत वाढवता येऊ लागली आणि २०१५ मध्ये ही सोय प्रयोगातून मुख्य सेटिंग्जमध्ये आली.

काही वेळा वापरणारे मागत बसत नाहीत, स्वतःच सोय करून घेतात. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर विषयाच्या आधी # हे चिन्ह लावण्याची सूचना केली. कंपनीने ती तेव्हा फारशी मनावर घेतली नाही. लोक मात्र वापरू लागले. त्या चिन्हावर टिचकी मारून शोध घेता येण्याची सोय ट्विटरने २००९ मध्ये दिली. त्याच वर्षी ‘आरटी’ लिहून दुसऱ्याचे ट्वीट पुढे पाठवण्याच्या लोकांच्या सवयीचे अधिकृत रीट्वीट बटण झाले.

होकाराची किंमत

नकार का दिला जातो हे मागणाऱ्याला सहसा कळत नाही, कारण त्याला दिसतो तो एक चेकबॉक्स. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपवर काम करणाऱ्या हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्ये यावर लिहिले आणि त्यांचा मुद्दा आजही वादात पहिला काढला जातो: प्रत्येक पर्यायाला किंमत असते. दहा चेकबॉक्स असले की त्यांच्या चालू-बंदच्या हजाराहून अधिक मांडण्या होतात, आणि त्या सगळ्या कोणीच तपासत नाही. ग्नोमने पर्याय कमी केले, त्यावरून शिव्याही खाल्ल्या. २००५ मध्ये लिनक्स घडवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्ससारख्याने जाहीरपणे झोडपले. तत्त्व म्हणून पेनिंग्टन यांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र तत्त्वाच्या आडोशाला बरीच टाळाटाळही जाते.

ग्नोमच्याच घरातली एक मागणी या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. फाइल अपलोड करताना जी फाइल निवडण्याची खिडकी उघडते, तिच्यात फोटोंची लहान चित्रे जाळीत दिसावीत, अशी मागणी २००४ मध्ये अशा खिडक्या-बटणे पुरवणाऱ्या जीटीके या लायब्ररीच्या वहीत नोंदली गेली. नुसत्या क्रमांकाच्या नावांच्या शेकडो फायलींतून हवा तो फोटो शोधलेल्या कोणालाही तिचे समर्थन करावे लागणार नाही. वर्षे उलटत गेली, ती मागणी चेष्टेचा विषय झाली, बाहेरच्यांनी पॅचही, म्हणजे कोडमधले तयार बदल, लिहिले. ते आत गेले नाहीत, कारण खिडकीचा सांगाडा एकाखाली एक ओळींच्या यादीसाठी बांधलेला होता आणि वरून लावलेले ठिगळ पुढे कोण सांभाळणार, याला उत्तर नव्हते. २०२० च्या अखेरीस आलेल्या जीटीके ४ मध्ये यादी आणि जाळी दोन्ही दाखवू शकणारे नवे भाग आले, फाइलची खिडकी त्यांच्यावर हलवली गेली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये लहान चित्रांचे काम कोडमध्ये मिसळले. मार्च २०२३ च्या ४.१० आवृत्तीत ते लोकांच्या हाती पडले. अठरा वर्षांच्या आरडाओरड्याने जे झाले नाही ते पायाचे काम झाल्यावर झाले. तरीही ‘आधी पाया बदलावा लागेल’ एवढे एक वाक्य कोणी सुरुवातीलाच ठळकपणे लिहून ठेवले असते, तर निम्मा कडवटपणा टळला असता असे म्हणायला जागा आहे.

विम या एडिटरची कथा वेगळ्या वळणाची. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढणारे डच प्रोग्रॅमर ब्राम मूलेनार यांनी मागण्यांना थेट देणगीशी जोडले होते. विमला देणगी देणाऱ्याला कोणत्या सोयी आधी हव्यात यावर मत देता यायचे आणि पैसा जायचा युगांडातल्या किबाले येथील मुलांसाठी. निर्णय मात्र मूलेनार यांचाच असे. विमच्या मदत-पुस्तिकेत ‘विम काय नाही’ असा भाग आहे आणि विमच्या आत शेल (टाइप करून आज्ञा देण्याचा प्रोग्रॅम) चालवता येणार नाही, असे तिथे स्पष्ट छापलेले होते. पुढे एडिटर अडकून न पडता मागे दुसरे काम चालावे यासाठी तियागो द अर्रुदा यांनी दिलेला मोठा पॅच स्वीकारला गेला नाही. त्यांनी २०१४ मध्ये निओविम हा फोर्क, म्हणजे त्याच कोडची वेगळी शाखा, काढला आणि त्यात टर्मिनलही, म्हणजे शेल चालवण्याची खिडकी, आले. मूळ विममध्ये मागे काम चालवण्याची सोय २०१६ च्या आठव्या आवृत्तीत आली, टर्मिनलची खिडकी २०१८ च्या ८.१ मध्ये, आणि मदत-पुस्तिकेतले ते वाक्य बदलावे लागले. याला निव्वळ योगायोग म्हणणे कठीण आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मागणाऱ्याच्या हाती शेवटी फोर्क हेच शस्त्र असते, मात्र ते उचलायला स्वतः वर्षानुवर्षे राबण्याची तयारी लागते.

बंद सॉफ्टवेअरमध्ये तो रस्ता नाही. तिथे नेहमीचे उत्तर म्हणजे मौन, किंवा ‘आपली सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे’ हे वाक्य. आयफोनमध्ये कॉपी-पेस्ट यायला २००७ ते २००९ अशी दोन वर्षे लागली. विंडोज ८ मधून काढलेले स्टार्ट बटण लोकांच्या रेट्यामुळे २०१३ मध्ये ८.१ मध्ये परत आले. काढून घेतलेली वस्तू परत मागणाऱ्यांचा आवाज नवे मागणाऱ्यांपेक्षा नेहमी मोठा असतो.

एकाच्या हातात नसलेल्या मागण्या

काही मागण्यांना कोणताही एक सॉफ्टवेअरवाला उत्तर देऊ शकत नाही. मराठीतला ‘ॲ’ पूर्वी अ वर चंद्र देऊन टाइप केला की बऱ्याच ठिकाणी मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटायचे. तक्रार ब्राउझरकडे नेली तर बोट फाँटकडे, फाँटवाल्याकडे नेली तर युनिकोडकडे, म्हणजे जगभरच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकाकडे. युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये, या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यानंतर फाँट, मग कीबोर्ड, मग फोन असा प्रवास सुरू झाला, आणि अजूनही ‘ॲप’ हा शब्द लोक दोन-तीन तऱ्हांनी टाइप करतात. या नोंदीतही शोधल्यास दोन तऱ्हा सापडतील. युनिकोडमध्ये एकदा दिलेले स्थान कधीच काढून घेता येत नाही, त्यामुळे तिथे होकार द्यायला वेळ लागतो हे समजण्यासारखे आहे.

मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मागणीला मात्र युनिकोडकडून वेगळे स्थान मिळालेले नाही, कारण अक्षर तेच, फक्त वळण निराळे. उत्तर फाँटमध्ये आहे: मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरने सांगितले तर फाँट मराठी वळण दाखवतो. अट अशी, की फाँटमध्ये दोन्ही वळणे हवीत, सॉफ्टवेअरने भाषा कळवायला हवी आणि लिहिणाऱ्याने ती निवडलेली हवी. यातले एक जरी चुकले तरी पडद्यावर हिंदी वळण येते, आणि तक्रार कोणाच्या वहीत नोंदवायची हे ठरत नाही.