एलपीजी गाडीतील इंधनपुरवठ्याचे बिघाड

एलपीजी गाडीतील इंधनपुरवठ्याचे बिघाड : पेट्रोलच्या गाडीला एलपीजी किट बसवल्यावर टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत गॅस अडल्याने, कमी पडल्याने किंवा गरजेपेक्षा जास्त गेल्याने उद्भवणारे दोष आणि ते शोधण्याची रीत. गॅरेजमध्ये या तक्रारी ‘गाडी गॅसवर झटके घेते’, ‘मिसिंग आहे’ (एखाद्या सिलिंडरात इंधन पेटत नाही), ‘पिकअप गेला’, ‘आयडलिंग धरत नाही’ (गाडी उभी असताना इंजिन चालू राहत नाही) अशा शब्दांत येतात. यांतले बरेचसे दोष गॅसचे नसतातच. ते इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे किंवा प्लगच्या ठिणगीचे असतात आणि गॅसवर आधी उघडे पडतात.

भारतात २००० सालापासून मोटारीत एलपीजी वापरण्याची कायदेशीर मुभा आहे. टाक्या, भरणा आणि पुरवठा यांचे नियम २००१ च्या स्वतंत्र आदेशाने घालून दिले. बेंगळुरू आणि कोलकात्याच्या रिक्षा या इंधनावर धावतात. मुंबई-पुण्याकडे सीएनजीचे जाळे पसरल्याने तिथे एलपीजी मागे पडला. जिथे सीएनजी उशिरा पोहोचला तिथे मारुती ८०० आणि ओम्नीसारख्या गाड्यांना बाहेरून किट बसवून घेतले जाई. वॅगन आर ड्युओ ही गाडी तर २००६ मध्ये कंपनीतूनच दोन्ही इंधनांची सोय घेऊन आली.

गॅसची वाट : एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. टाकीत ते स्वतःच्या बाष्पदाबाखाली द्रवरूपात राहते. टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. टाकीवरच्या मल्टीव्हॉल्व्हमधून (अनेक झडपांच्या एकत्र संचातून) द्रव बाहेर पडतो, गाडीखालून तांब्याच्या नळीने बॉनेटमध्ये येतो, फिल्टर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) ओलांडून रेग्युलेटरमध्ये शिरतो. इथे त्याचा दाब उतरतो आणि त्याची वाफ होते. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ही वाफ रबरी नळीतून मिक्सरमध्ये जाते आणि तिथे इंजिनाने ओढलेल्या हवेत मिसळते. नव्या सिक्वेन्शियल किटमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गॅस इंजेक्टर असतो आणि त्यांवर ईसीयूचे, म्हणजे छोट्या संगणकाचे, नियंत्रण असते.

या वाटेवर कळीची जागा रेग्युलेटर. एक लिटर द्रवाचे सुमारे २५० लिटर वायूत रूपांतर होते आणि त्यासाठी उष्णता लागते. एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढीच एक किलो एलपीजीची वाफ करायलाही लागते. ही उष्णता इंजिनाच्या गरम पाण्यातून, म्हणजे कूलंटमधून येते. त्यासाठी हीटरच्या किंवा रेडिएटरच्या होजमधून फाटा काढून तो रेग्युलेटरला जोडलेला असतो. एलपीजी गाडीत कूलंटवर इंजिन थंड ठेवण्याबरोबरच गॅसची वाफ करण्याचीही जबाबदारी असते, हे ध्यानात ठेवले की निम्मे निदान आपोआप होते.

पहिला प्रश्न : हाच दोष पेट्रोलवरही येतो का? दोन इंधनांच्या गाडीचा हा मोठा फायदा, आणि गॅरेजमध्ये तोच अनेकदा वापरला जात नाही. पेट्रोलवर गाडी सुरळीत चालत असेल तर गॅसच्या वाटेत शोधावे. दोन्हींवर अडखळत असेल तर आधी एअर फिल्टर, व्हॅक्यूमच्या नळ्या, टॅपेट (इंजिनाच्या झडपांची फट) आणि ठिणगी पाहावी. ठिणगीच्या बाबतीत मात्र हा निकष फसवा ठरतो. गॅस-हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे झिजलेला प्लग किंवा चीर गेलेली एचटी लीड (प्लगला वीज नेणारी वायर) पेट्रोलवर निभावून जाते आणि गॅसवर मिसिंग करते. न जळलेला गॅस इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या मार्गात, पेटला की बॅकफायर होतो आणि एअर फिल्टरचा डबा फुटू शकतो. म्हणून रेग्युलेटर उघडण्याआधी प्लग काढून पाहणे स्वस्त पडते.

रेग्युलेटरवर बर्फ : गाडी सकाळी पेट्रोलवर सुरू होते, गॅसवर टाकल्यावर काही मिनिटे चालते, मग जोर सोडत सोडत बंद पडते. बॉनेट उघडले तर रेग्युलेटरवर पांढरे दव किंवा सरळ बर्फ दिसतो. उष्णता न मिळाल्याने गॅस द्रवरूपातच पुढे सरकतो आहे, असा त्याचा अर्थ. गाडी पंधरा-वीस मिनिटे उभी राहिली की इंजिनाच्या धगीने बर्फ वितळतो आणि ती पुन्हा चालू लागते. गॅरेजपर्यंत पोहोचेतो सगळे ठीक दिसते आणि मेकॅनिक ‘काही नाही’ म्हणून परत पाठवतो. अशा गाडीच्या मालकाने बंद पडल्या क्षणीच बॉनेट उघडून फोटो काढून ठेवावा.

कारणे बहुधा साधी असतात. कूलंट कमी झालेला असतो, होजमध्ये हवा अडकलेली असते किंवा रेग्युलेटर रेडिएटरच्या पातळीपेक्षा वर बसवल्याने पाणी तिथवर चढत नाही. आपल्याकडची दोन कारणे तर सवयीची आहेत. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाकतात. मग इंजिन नेहमीच अर्धवट थंड राहते. पेट्रोलवर ते खपते, पण गॅसवर रेग्युलेटर उपाशी राहतो, आणि निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी झाला की दोष रोजचा होतो. दुसरी सवय रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे पाणी ओतण्याची. त्यातला क्षार आणि इंजिनाचा गंज रेग्युलेटरच्या अरुंद मार्गात बसतो. तपासणी हाताने होते : इंजिन गरम झाल्यावर रेग्युलेटरला येणारा आणि जाणारा, दोन्ही होज गरम लागले पाहिजेत. येणारा गरम आणि जाणारा थंड असेल तर आतला मार्ग तुंबलेला आहे.

रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले की हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालची सील) गेले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण रेग्युलेटरमधली गॅस आणि पाण्याच्या कप्प्यांमधली सील गेली तरी गॅस कूलंटमध्ये शिरून बुडबुडे येतात. टाकीचा कॉक (गॅस बंद-चालू करण्याची चावी) बंद करून, गाडी पेट्रोलवर चालवून पाहावी. बुडबुडे थांबले तर इंजिनाचे हेड उतरवण्याचा खर्च वाचतो.

फिल्टर आणि टाकीचा कॉक : सपाट रस्त्यावर ठीक आणि घाट चढताना किंवा ओव्हरटेक करताना दम तुटणे, हे वाट अडल्याचे लक्षण. सोलेनॉइडच्या वाटीतला फिल्टर तुंबला की तिथेच दाब घसरतो, द्रव तिथेच उकळू लागतो आणि रेग्युलेटर गरम असूनही फिल्टरची वाटी गार पडते. किट बनवणारे साधारण दहा ते वीस हजार किलोमीटरला फिल्टर बदलायला सांगतात. प्रत्यक्षात तो गाडी बंद पडल्यावरच बदलला जातो.

मल्टीव्हॉल्व्हमध्ये जादा प्रवाह रोखणारी झडप असते. नळी तुटली तर गॅस उधळू नये म्हणून ती आहे. टाकीचा कॉक झटक्यात उघडला तरीही ती अडकते आणि गाडी जेमतेम सुरू होऊन बंद पडते. कॉक पूर्ण बंद करून थोडा वेळ थांबावे आणि सावकाश उघडावा, की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होऊन झडप सुटते. टाकी रिकामी असूनही काटा भरलेली दाखवतो, हाही इथलाच प्रकार. तरंगता फ्लोट अडकलेला असतो. याउलट विदर्भाच्या उन्हात तापलेली टाकी पंपावर फार हळू भरते, कारण आतला दाब वाढलेला असतो. तो बिघाड नव्हे.

वीज : गॅसवर गाडी अजिबात सुरू होत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. स्विच गॅसवर केल्यावर सोलेनॉइडचा ‘टक’ असा आवाज यायला हवा. इंजिन फिरत नसेल तर बहुतेक किट काही सेकंदांत पुरवठा तोडतात, कारण अपघातात गॅस सुटत राहू नये. त्यामुळे इग्निशनचा संकेत पोहोचवणारी वायर सुटली किंवा उंदराने कुरतडली तर टाकी भरलेली असूनही इंजिनाला गॅस मिळत नाही.

मिश्रण : रेग्युलेटर ते मिक्सरच्या नळीवर पॉवर स्क्रू (गॅसचे प्रमाण ठरवणारा) आणि रेग्युलेटरवर आयडलिंगचा स्क्रू असतो. तक्रार ऐकताच स्क्रूला हात घालणे ही गॅरेजमधली सर्वांत महाग सवय आहे. काल ठीक चालणारी गाडी आज बिघडली तर स्क्रू आपोआप फिरलेला नसतो. एअर फिल्टर तुंबल्याने ओढ वाढून मिश्रण गडद (गॅस जास्त) होते, व्हॅक्यूम नळीला चीर गेल्याने पातळ (हवा जास्त) होते. गॅसमधले जड, तेलकट अंश रेग्युलेटरच्या तळाशी साचून डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) कडक होतो. तळाला निचऱ्याचा स्क्रू असेल तर इंजिन कोमट असताना, गॅस बंद करून, ते तेल काढता येते. कडक झालेला किंवा फाटलेला डायफ्रॅम बदलावाच लागतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलची सोलेनॉइड गळत असेल तर दोन्ही इंधने एकाच वेळी जातात आणि काळा धूर येतो.

सिक्वेन्शियल गाडी झटके घेण्याऐवजी बीप देऊन स्वतःच पेट्रोलवर जाते. चालकाला वाटते गॅस संपला. प्रत्यक्षात ईसीयूला दाब घटलेला किंवा रेग्युलेटर थंड आढळलेला असतो. म्हणजे पुन्हा फिल्टर किंवा पाणी.

लिटरमागे अॅव्हरेज कमी मिळणे हा मात्र दोष नाही. एक लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा सुमारे पाव हिस्सा ऊर्जा कमी असते. पेट्रोल कधीच न वापरणे हीसुद्धा बचत नव्हे : टाकीतला पेट्रोल पंप पेट्रोलनेच थंड राहतो, आणि कार्ब्युरेटरमध्ये सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) बंद करतो.

घरगुती सिलिंडर : स्वयंपाकाचा गॅस छोट्या मोटरने गाडीच्या टाकीत ओढणे हा गुन्हा आहे. भरणा फक्त मान्यताप्राप्त पंपावर आणि गाडीला कायम बसवलेल्या टाकीतच करता येतो. उघड्या जोडणीतून गॅस सुटतो, तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने जमिनीलगत पसरतो, आणि शेजारीच मोटरची ठिणगी असते. हे काम वस्तीत, कधी शाळेच्या व्हॅनमध्येही केले जाते. ज्या गाडीत मुले बसतात तिच्या बाबतीत इथे तडजोडीला जागाच नाही.

गळतीचा संशय आला तर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. काडी पेटवून कधीही तपासू नये, आणि गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊ नये, कारण सुटलेला गॅस त्यात साचतो. फ्यूज, होज, एअर फिल्टर, प्लग एवढे मालकाला पाहता येते. दाबाखालची नळी आणि मल्टीव्हॉल्व्ह अधिकृत किट केंद्रानेच उघडावा. टाकीची पाच वर्षांनी पुनर्चाचणी करावी लागते. त्यासाठी टाकी उतरवून परत बसवल्यावर गाडीचा दम गेल्याची तक्रार आली तर आधी कॉक पूर्ण उघडला आहे का ते पाहावे.