प्लॉटचे क्षेत्रफळ रेघेलाच विचारा

मौजा, खसरा क्रमांक, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) असा मथळा असलेले ले-आऊटचे ड्रॉइंग विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसते. चार-पाच एकरांचे वावर, एका धुऱ्यापासून (बांधापासून) दुसऱ्या धुऱ्यापर्यंत मोजलेले. त्यात नऊ मीटरचे रस्ते, थोडी खुली जागा आणि साठ-सत्तर प्लॉट. रेघा मारायला फार वेळ लागत नाही. वेळ खातो तो मजकूर. प्रत्येक प्लॉटचा क्रमांक, चार बाजूंच्या लांब्या, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि त्याखाली चौरस फुटांत, कारण गिऱ्हाईक फुटांतच बोलते. ६४ प्लॉट धरले तर प्रत्येकी सात, म्हणजे एकूण ४४८ नोंदी.

टाइप करताना चूक होते हा भाग किरकोळ आहे. खरी अडचण पुढे येते. काम संपत आले की रस्ता नऊऐवजी बारा मीटर करायला सांगितले जाते. रेघा सरकतात, आकडे जिथल्या तिथे राहतात. हाताने लिहिलेल्या आकड्याला शेजारची रेघ ठाऊकच नसते. पण लांबी आणि क्षेत्रफळ रेघेच्या पोटातच साठवलेले असते. ते बाहेर काढायला ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १९८६ पासून एक भाषा बसवलेली आहे: ऑटोलिस्प.

लिस्प ही मूळ भाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत मांडली. नाव आले ‘लिस्ट प्रोसेसिंग’ यावरून. कंसात लिहिलेली यादी हाच या भाषेचा कणा. आज्ञाही यादी आणि माहितीही यादी. नकाशे काढण्यासाठी ती कुणी घडवली नव्हती. तरी ती कॅडला, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगला, चपखल बसली, कारण ऑटोलिस्पला ड्रॉइंगमधली प्रत्येक वस्तू यादी म्हणूनच दिसते. एका प्लॉटची पॉलीलाइन, म्हणजे जोडलेल्या रेघांची एकसंध आकृती, निवडून ‘एंटगेट’ या आज्ञेने विचारले, तर उत्तर साधारण असे येते (संगणकात नावे रोमन अक्षरांत असतात):

((० . "एलडब्ल्यूपॉलीलाइन") (८ . "प्लॉट") (९० . ४) (७० . १) (१० ० ०) (१० १२ ०) (१० १४ १५) (१० ० १५))

प्रत्येक जोडीतला पहिला आकडा म्हणजे खाचेचा क्रमांक. शून्यात वस्तूचा प्रकार, ८ मध्ये लेअर (ड्रॉइंगचा थर), ९० मध्ये कोपऱ्यांची संख्या, ७० मध्ये आकृती बंद आहे की उघडी, आणि १० मध्ये कोपऱ्याचे स्थान. ही पाच खूण-संख्या पाठ झाली की अर्धे काम झाले. मजकुरासाठी आणखी तीन लागतात: १ म्हणजे लिहायचा मजकूर, ४० म्हणजे अक्षराची उंची, ५० म्हणजे कोन.

वरचा प्लॉट समोरून १२ मीटर, मागून १४ मीटर आणि १५ मीटर खोल आहे. क्षेत्रफळ काढायला प्रत्येक कोपऱ्याचा क्ष पुढच्या कोपऱ्याच्या य ने गुणायचा, त्यातून पुढचा क्ष गुणिले हा य वजा करायचा, सगळ्यांची बेरीज करून निम्मी करायची. इथे ती ० + १८० + २१० + ० = ३९०, निम्मे १९५ चौरस मीटर. १०.७६४ ने गुणले की २०९८.९८ चौरस फूट. तिरपी बाजू २ वर्ग अधिक १५ वर्ग, म्हणजे २२९ चे वर्गमूळ, १५.१३ मीटर. नुसते १०.७६ धरले तर याच प्लॉटमध्ये पाऊण चौरस फुटाचा फरक पडतो; नोंदणीच्या कागदावर आणि नकाशावर वेगवेगळे आकडे दिसतात त्याचे हे एक कारण असू शकते.

कार्यक्रमाचा (प्रोग्रॅमचा) सांगाडा लहान आहे. ‘एसएसगेट’ ने प्लॉटच्या लेअरवरच्या सगळ्या पॉलीलाइन गोळा करायच्या. एकेक घेऊन कोपरे वाचायचे, क्षेत्रफळ आणि मधला बिंदू काढायचा. ‘आरटीओएस’ ने आकड्याचा मजकूर करायचा आणि ‘एंटमेक’ ने वेगळ्या लेअरवर लिहायचा. मग प्रत्येक बाजूच्या मध्यावर तिची लांबी. सगळे मिळून साठ-सत्तर ओळी. फाइल .एलएसपी या शेपटीने जतन करून ‘एपीलोड’ ने चढवायची. रोज लागणार असेल तर तिथल्याच स्टार्टअप सूटमध्ये टाकायची. ऑटोकॅडच्या एलटी या छोट्या आवृत्तीत मात्र हे २०२४ च्या आवृत्तीपासूनच चालते.

अक्षराची उंची आधी ठरवावी. कागदावर २.५ मिलिमीटरचे अक्षर हवे आणि प्रमाण १:५०० असेल, तर मीटरमध्ये काढलेल्या ड्रॉइंगमध्ये उंची १.२५. इथेच पहिला सापळा आहे. ५०० भागिले १००० असे पूर्णांकांत लिहिले, तर ऑटोलिस्प उत्तर अर्धा देत नाही, शून्य देते. दोन्ही पूर्णांक असले की ती भागाकाराचा अपूर्णांक टाकून देते. ५००.० असा दशांशचिन्हासह लिहिला की बरोबर येते.

दुसरा सापळा जास्त त्रासाचा, कारण तो कधी दिसतो, कधी नाही. मजकूर ‘कमांड’ या मार्गाने, म्हणजे जणू कीबोर्डवरून आज्ञा दिल्यासारखा लिहिला, तर ऑब्जेक्ट स्नॅप, म्हणजे बिंदू जवळच्या कोपऱ्याला चिकटवणारी सोय, चालूच असतो. कार्यक्रमाने प्लॉटच्या मध्याचा बिंदू दिला तरी जवळचा कोपरा तो ओढून घेतो. ड्रॉइंग मोठे करून पाहत असाल तर कोपरा लांब असतो, सगळे नीट होते. पूर्ण ले-आऊट पडद्यावर असेल तर लेबले कोपऱ्यांवर जाऊन चिकटतात. सकाळी चाललेला कार्यक्रम दुपारी बिघडला म्हणतात तो असा. उपाय म्हणून बरेच जण सुरुवातीला ‘ओएसमोड’ हे स्नॅपचे सेटिंग शून्य करतात आणि शेवटी पूर्ववत. पण मध्येच कुणी एस्केप दाबले तर शेवट येतच नाही. स्नॅप दिवसभर बंद राहतो आणि पुढच्या रेघा केसभर फटीने सुटतात. म्हणून काम मध्येच तुटले की चालणारे ‘एरर’ फंक्शन लिहून त्यात स्नॅप परत चालू करणे हा ऐच्छिक भाग समजू नये. ‘एंटमेक’ वापरले तर हा प्रश्नच उरत नाही, शिवाय टेक्स्ट स्टाइलला ठरावीक उंची दिली असेल तेव्हा ‘कमांड’ ची उत्तरे एक पायरी सरकतात, तेही टळते.

फक्त बंद आकृत्या घ्यायची चाळणी लावली की काही प्लॉट निवडलेच जात नाहीत. कारण बहुधा खाच ७० मध्ये असते. शेवटचा बिंदू पहिल्यावर क्लिक करून आकृती ‘बंद’ केली, तर डोळ्यांना ती बंद दिसते, पण आत शून्यच असतो. ‘सी’ दाबून बंद केली की १ येतो. आणि रेघेला तुटक लाइनटाइप सलग देणारी सोय चालू असेल तर तिथे १२९ येतो, कारण १२८ त्यात मिळवले जातात. म्हणजे ‘७० बरोबर १’ ही चाळणी अपुरी. तो एक बिट चालू आहे का, म्हणजे आकडा विषम आहे का, एवढेच तपासावे.

रस्त्याच्या वळणावरचे कोपऱ्याचे प्लॉट गोलाई घेतात. त्या गोलाईचा आकडा खाच ४२ मध्ये असतो आणि वरचे कोपऱ्यांचे गणित त्याकडे पाहतच नाही, कमान सरळ धरते. तिथे वस्तूचा स्वतःचा ‘एरिया’ गुणधर्म वाचावा. एल आकाराच्या प्लॉटचा मध्य तर शेजाऱ्याच्या जागेत पडू शकतो. त्यासाठी कितीही हुशारी करता येते, पण अशा दोन-तीन प्लॉटांची लेबले हाताने सरकवणे स्वस्त पडते.

बाजूची लांबी रेघेच्या कोनात लिहिताना कोन ९० ते २७० अंशांच्या मध्ये असेल तर त्यात १८० मिळवावेत, नाहीतर अक्षरे उलटी पडतात. ऑटोलिस्पमध्ये कोन रेडियनमध्ये मोजतात, ९० अंश म्हणजे १.५७०८. आणि १८०.०० ऐवजी नुसते १८० छापून येत असेल, तर दोष कार्यक्रमाचा नसून ‘डिमझिन’ या सेटिंगचा आहे. ८ असले की ते शेवटची शून्ये खाते.

कार्यक्रम दुसऱ्यांदा चालवला की जुन्या लेबलांवर नवी बसतात. म्हणून आधी लेबलांचा लेअर रिकामा करायचा, मग लिहायचे. सगळे काम एका अनडू गटात बांधावे, म्हणजे एका फटक्यात मागे जाता येते. चालवण्याआधी फाइल जतन करावी हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे लाइन विचारून जात नाही.

मराठी मजकुराची गत निराळी. ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नसते, म्हणून टेक्स्ट स्टाइलला मंगल किंवा निर्मला यूआय द्यावा. २०२१ च्या आधीच्या आवृत्तीत .एलएसपी फाइलमध्ये थेट ‘गट’ लिहिले तर प्रश्नचिन्हे उमटू शकतात. तिथे उलटी तिरपी रेघ, यू, अधिकचिन्ह आणि चार आकडी युनिकोड क्रमांक असे लिहावे लागते. ‘ग’ चा क्रमांक ०९१७.

ड्रॉइंगच्या फोल्डरमधली ‘अकॅडडॉक’ नावाची लिस्प फाइल ड्रॉइंग उघडताच आपोआप चालू शकते. सोयीची गोष्ट, आणि नेमकी धोक्याची. मेड्रे नावाचा २०१२ मध्ये उघड झालेला किडा ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला होता आणि तो ड्रॉइंगे ईमेलने पळवत असे. पेनड्राइव्हवरून आलेल्या फोल्डरमध्ये ड्रॉइंगखेरीज काय आहे ते आधी पाहावे आणि अनोळखी फाइल चढवण्याआधी विचारणारी ‘सिक्युअरलोड’ ची सूचना बंद करू नये.

आता जमिनीकडे. रोव्हरने (उपग्रहांवरून स्थान मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेले बिंदू पुष्कळदा यूटीएम या पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या पद्धतीत येतात आणि विदर्भ तिथे दोन पट्ट्यांत विभागला जातो. सीमा ७८ अंश पूर्व रेखांशाची. नागपूर, वर्धा आणि यवतमाळ शहर ४४ व्या पट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाणा ४३ व्या. यवतमाळ जिल्ह्यातलेच दारव्हा आणि पुसदही ४३ व्या पट्ट्यात जातात. दोन पट्ट्यांचे बिंदू एका ड्रॉइंगमध्ये आले तर गडबड लगेच दिसते. न दिसणारी गडबड प्रमाणाची. पट्ट्याच्या कडेला यूटीएमवरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा थोडे जास्त येते. यवतमाळजवळ १०० मीटरला साधारण सहा सेंटीमीटर. १९५ चौरस मीटरच्या प्लॉटला सुमारे पाव चौरस मीटर, पाच एकरांच्या वावराला पंचवीसेक चौरस मीटर. रेघ जे आहे तेच सांगते, पण ती यूटीएमची रेघ असते. लेबले छापण्याआधी वावराची एक लांब बाजू टेपने किंवा टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने मोजून ड्रॉइंगशी ताडावी आणि फरक आला तर बिंदूच त्या गुणकाने जमिनीच्या मापात आणावेत. लेबलातल्या आकड्यांना हात लावू नये.