आधी डोंगर की आधी सिंह? जरा किडनीला विचारा

आमच्या ट्रेकवाल्या ग्रुपवर दर वर्षी एप्रिल-मे आला की हा प्रश्न येतोच. टांझानियाला जायचंय, किलिमांजारो पण करायचाय आणि सेरेंगेटीची सफारी पण, सुट्टी जेमतेम दोन आठवडे, तर आधी काय करू? मग उत्तरांचा पाऊस. एक म्हणतो आधी सफारी कर, तिकडच्या हवेची सवय होईल. दुसरा म्हणतो आधी चढ, मग जीपमध्ये निवांत बस. तिसरा म्हणतो कापूर विसरू नको. यावेळी एकाने छातीठोकपणे लिहिलं की वर ऑक्सिजन फक्त १० टक्के असतो, आणि मग मला राहवलं नाही, ग्रुपवर टाइप करता करता इतकं लांबलं की म्हटलं सरळ लेखच लिहावा.

तर पहिली गोष्ट. उहुरू पीक, म्हणजे किलिमांजारोचा माथा, ५,८९५ मीटर. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. टक्के बदलत नाहीत, बदलतो दाब. डोक्यावरची हवा कमी झाली की हवा विरळ होते, आणि माथ्यावर तो दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा राहतो. सोबत नेलेलं चिप्सचं पाकीट तिसऱ्या कॅम्पवर उशीसारखं टम्म फुगतं ते याचमुळे, आतली हवा खालचीच असते आणि बाहेरून दाबणारं कोणी उरत नाही.

'निम्मा दाब म्हणजे निम्मा ऑक्सिजन' इथपर्यंत सगळे येतात. खरी गंमत पुढे आहे आणि थोडा हिशोब केल्याशिवाय ती दिसत नाही, तर दोन मिनिटं सोसा.

समुद्रसपाटीवर हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. आत घेतलेली हवा नाकाघशात ओली होते, त्या वाफेचेच ४७ जातात. हे ४७ शरीराच्या तापमानावर ठरतात, डोंगर कितीही उंच असो तेवढेच जाणार, पक्का टोलनाका. उरले ७१३, त्याचे २१ टक्के म्हणजे साधारण १५०. पण फुप्फुसाच्या फुग्यांमध्ये रक्तातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड पण जागा अडवून बसलेला असतो, त्याचा दाब ४०. शरीर १० रेणू ऑक्सिजन वापरतं तेव्हा साधारण ८ रेणू कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणून हिशोबात ४० ला ०.८ ने भागायचं, आले ५०. दीडशेतून पन्नास गेले, उरले १००. हा तुमचा घरी बसल्याचा ऑक्सिजन.

आता माथा. दाब ३८० धरा. टोलनाक्याचे ४७ वजा, उरले ३३३, त्याचे २१ टक्के ७०. त्यातून तेच ५० वजा केले तर उरतात २०. निम्मे नाही, पाचवा हिस्सा! वीसवर माणूस उभा राहूच शकत नाही, शुद्धच हरपेल. आणि तरी दर वर्षी हजारो लोक तिथल्या पाटीशेजारी दात काढून फोटो काढतात. कसे काय?

कारण ते जोरजोरात श्वास घेत असतात. जास्त श्वास म्हणजे कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर, तो ४० वरून समजा २४ वर आला. २४ भागिले ०.८ म्हणजे ३०. सत्तरातून तीस गेले, उरले ४०. वीसचे चाळीस झाले! हवा तीच, डोंगर तोच, फक्त आत जागा अडवून बसलेल्याला हाकलला आणि ऑक्सिजन दुप्पट. मला विचाराल तर उंचीवर जगण्याचं सगळं शास्त्र या एका वजाबाकीत आहे.

हे जोरात श्वास घ्यायला सांगतं कोण? मानेत, डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो, कॅरोटिड बॉडी. रक्तातला ऑक्सिजन घसरला की तो मेंदूला ओरडून सांगतो, श्वास वाढव. तिथले सेन्सर श्वास कमी-जास्त करायला सांगतात हे दाखवल्याबद्दल कॉर्नेल हेमान्स या शास्त्रज्ञाला १९३८ चं नोबेल मिळालं.

मग अडचण काय, घ्या की श्वास. अडचण ही की मेंदूत दुसरा एक पहारेकरी बसलाय आणि त्याला ऑक्सिजनशी काही देणंघेणं नाही, तो बघतो फक्त आंबटपणा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल होतं, शाळेत शिकलोय, सोडावॉटरची आंबूस चव तीच. रक्तातून तो जास्त उडवला की रक्त कमी आंबट होतं, म्हणजे अल्कलीकडे झुकतं. दुसरा पहारेकरी म्हणतो, अरे थांब, कशाला एवढे श्वास घेतोस, रक्त बिघडवलंस. एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर अशी गाडी चालते.

दिवसा चालताना हे कळत नाही, रात्री कळतं. किलिमांजारोवरच्या शिरा नावाच्या कॅम्पवर, ३,८४० मीटरवर, माझा तंबूतला जोडीदार झोपला होता आणि मी जागा. त्याचे श्वास मोठे मोठे होत गेले, मग लहान लहान, आणि मग एकदम बंद. मी मनात आकडे मोजायला लागलो, एक, दोन... अकरापर्यंत काही नाही, बाराला त्याने पाण्याबाहेर आल्यासारखा दचकून श्वास घेतला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. पहिल्यांदा बघणाऱ्याची गाळण उडते. पण हे तेच भांडण, ब्रेकवाला जिंकला की श्वास थांबतो, मग ऑक्सिजन पडतो आणि ॲक्सिलरेटरवाला दचकवून उठवतो. उंचीवर हे खूप जणांना होतं आणि तेवढ्यावरून कोणी आजारी ठरत नाही.

हे भांडण सोडवतं कोण, तर किडनी. रक्तातला अल्कली भाग म्हणजे बायकार्बोनेट, सोप्या भाषेत स्वयंपाकघरातला खायचा सोडा. रक्त आंबट राहात नाहीये म्हटल्यावर किडनी हा सोडा लघवीवाटे टाकायला लागते. जसजसा सोडा बाहेर जातो तसतसा ब्रेक सैल होतो, श्वास वाढतो आणि ती वजाबाकी आपल्या बाजूने फिरते. उंचीवर सारखं लघवीला उठावं लागतं, त्यात याचाही वाटा आहे, तेव्हा रात्री दोन वाजता कडाक्याच्या थंडीत स्लीपिंग बॅगची चेन उघडताना शिव्या जरा बेताने द्या.

पण किडनी सरकारी खात्यासारखी आहे. काम करते, नीट करते, पण काही तासांत सुरुवात आणि पुरं व्हायला काही दिवस. सवय होणं म्हणतात त्यातला पहिल्या आठवड्याचा मोठा भाग हाच. लाल पेशी वाढतात म्हणून सवय होते असं जे सांगतात ते अर्धवट आहे, नव्या पेशी पुरेशा तयार व्हायला आठवडे लागतात, तोपर्यंत तुम्ही घरी येऊन फोटो टाकलेले असतात.

उंचीचा आजार, म्हणजे वर गेल्यावरची डोकेदुखी-मळमळ, टाळायला घेतात ती डायमॉक्सची गोळीही इथेच काम करते. किडनी गाळलेला सोडा एका एन्झाइमच्या मदतीने परत रक्तात ओढून घेत असते, गोळी ते एन्झाइम अडवते, सोडा वाहून जातो, श्वास वाढतो. म्हणजे ती लक्षणं झाकत नाही, सवय लवकर करून देते. बोटांना मुंग्या येतात, आणि कोल्ड्रिंक बेचव लागतं कारण त्यातल्या गॅसची चव कळायला जिभेवरही तसंच एन्झाइम लागतं. काहींना ती चालत नाही, त्यामुळे घ्यायची की नाही आणि किती हे डॉक्टरला विचारून, ग्रुपला विचारून नाही.

कापराबद्दल बोलायलाच हवं. कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कारण तो नाकातल्या नसांना गार भासवतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने रेसभर वाढत नाही. हुंगायचा तर हुंगा, पण डोकं ठणकतंय, मळमळतंय, आणि वर कापराच्या भरवशावर चढतोय हे धोक्याचं, आणि गिळू तर अजिबात नका, विषारी आहे. तीच गोष्ट ऑक्सिजनच्या हलक्या स्प्रेच्या डब्यांची. डब्यात पाच-दहा लिटर, आणि चढताना माणूस मिनिटाला चाळीस-पन्नास लिटर हवा सहज ओढतो. करा भागाकार.

आता मूळ प्रश्न. 'आधी सफारी म्हणजे सवय होईल.' कशाची? सेरेंगेटीचा बराचसा भाग दीड हजार मीटरच्या आसपास, तारांगिरे हे सफारीचं दुसरं पार्क त्याहून खाली. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्या उंचीवर किडनी ढिम्म हलत नाही. गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावरचा मुक्काम साधारण २,३०० मीटरवर होतो, त्याने थोडाफार फरक पडेल, पण एक-दोन रात्रींत फार नाही.

आणि उलट एक तोटा आहे जो कोणीच बोलत नाही. सफारीचा भाग मलेरियाचा. डास चावल्यावर ताप यायला एक आठवडा किंवा जास्त लागतो. चार दिवस सफारी, मग डोंगर, म्हणजे ताप यायचाच असेल तर बरोब्बर बाराफू कॅम्पवर, ४,६०० मीटरच्या वर. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं, ही मलेरियाचीही लक्षणं आणि उंचीच्या आजाराचीही. तंबूत कोण ओळखणार? मलेरियाच्या गोळ्या नीट घेतल्या तर धोका खूप कमी होतो, तरी माझं मत आधी डोंगर.

खरी सवय करायची आणि दिवस हातात असतील तर मधला मार्ग आहे माउंट मेरू. साडेचार हजार मीटरच्या वर, अरुशा नॅशनल पार्कच्या आतच. खालच्या टप्प्यात रानम्हशी आणि जिराफ वाटेत असतात म्हणून बरोबर बंदूकधारी रेंजर घ्यावाच लागतो, म्हणजे डोंगर आणि सफारी एकाच तिकिटात. तीन-चार दिवस मेरू, लगेच किलिमांजारो, मग जीप. मध्ये आठवडाभर खाली घालवू नका, खाली आलं की किडनी सोडा पुन्हा साठवायला लागते आणि केलेलं पाण्यात.

मेरूला वेळ नसेल तर निदान किलिमांजारोचे दिवस कापू नका. पार्कची फी दिवसावर आहे, त्यामुळे पाच दिवसांचं पॅकेज स्वस्त दिसतं आणि तिथेच लोक फसतात. ३,००० मीटरच्या वर रोजची झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये असा डॉक्टरांचा सल्ला असतो. माचामे वाटेने सात दिवस घेतले तरी दुसऱ्याच रात्री हा नियम मोडतो. पण तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला ४,६०० पर्यंत नेऊन बारांकोला ३,९६० च्या आसपास उतरवतात, दिवसा किडनीला धक्का आणि रात्री झोप, ही आखणी छान आहे. आठ दिवसांची लेमोशो वाट त्याहून बरी. तिथले गाइड दिवसभर पोले पोले म्हणतात, हळू हळू. हळू चाललं की ऑक्सिजन कमी लागतो, एवढंच त्यामागचं शास्त्र.

मॅरेथॉनवाल्यांनी विशेष ऐका. फिटनेसचा आणि उंचीच्या आजाराचा संबंध नाही. उलट फिट माणूस भराभर चढला तर आधी आडवा होऊ शकतो, आमच्यातला सगळ्यात दणकट गडी कारांगा कॅम्पहून परत गेला. चालताना तोल जायला लागला, किंवा बसल्याजागी धाप लागली, तर चर्चा नाही, लगेच खाली.

सीझनचं थोडक्यात. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबर छोटा. जून ते ऑक्टोबर कोरडा, हाच गर्दीचा पीक सीझन. पाणी आटतं म्हणून जनावरं नदीकाठी गोळा होतात, तारांगिरेला हत्तींचे कळपच्या कळप. साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत विल्डबीस्ट, म्हणजे गायीएवढ्या हरणांचे कळप, सेरेंगेटीच्या उत्तरेला मारा नदी ओलांडतात, पण ती नदी, सफारी जिथून निघतात त्या अरुशा शहराहून लांब, तीन दिवसांच्या सफारीत बसवू नका. जानेवारी-फेब्रुवारीही डोंगराला चांगले, आणि तेव्हा हेच कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्डुटू भागात पिल्लं घालत असतात, माझी निवड हीच. 'क्रॉसिंग हमखास दाखवू', 'शंभर टक्के समिट' म्हणणाऱ्यांना दोन्ही वेळा लांबूनच नमस्कार. बुकिंग मात्र सहा-आठ महिने आधी, पीक सीझनला चांगले गाइड आधी संपतात.

आणि आधी डोंगर ठेवायला एक शेवटचं कारण. ५,८९५ वरून दीड दिवसात चार हजार मीटरहून जास्त उतरता तेव्हा मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात, त्याने त्यांच्यात बारीक बारीक इजा होते आणि दुखणं कळसाला जातं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे बरोब्बर सफारीच्या सुरुवातीला. पार्कमध्ये जीपमधून खाली उतरायला मनाई असते. मला तरी कोणी उतर म्हटलं असतं तर मी उतरलो नसतो, समोर सिंह नव्हता तेव्हासुद्धा.