थरांचा क्रम कसा लागला: ग्रँड कॅन्यन ते सीताबर्डी

खडकाचे वय वर्षांत सांगता येऊ लागले ते विसाव्या शतकात, किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या मोजणीमुळे. कोणता खडक आधीचा आणि कोणता नंतरचा, हा हिशेब मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून निरीक्षण आणि तर्क यांच्याच बळावर मांडला जात होता. गाळाचे थर मुळात आडवे साचतात आणि त्यांची उलथापालथ झालेली नसेल तर खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो, हे सूत्र निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये टस्कनीतील खडकांवरून मांडले.

सगळी अडचण त्या ‘नसेल तर’मध्ये आहे. १७८८ मध्ये जेम्स हटन यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जवळजवळ उभ्या थरांच्या झिजलेल्या टोकांवर किंचित कललेला लाल वालुकाश्म पाहिला. खालचे थर साचून, दुमडून, वर येऊन, झिजल्यावरच वरचा गाळ त्यांच्यावर बसला असणार. अशा सांध्याला भूविज्ञानात विसंगती म्हणतात, आणि माझ्या मते थरांइतकेच महत्त्व या हरवलेल्या काळाला आहे.

१८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल कोलोरॅडो नदीतून होड्यांनी ग्रँड कॅन्यन पार करून गेले. तिथे नदीने सुमारे दीड किलोमीटर खोल कापलेल्या उभ्या कड्यांत हे नियम उघडे दिसतात. तळाशी ‘विष्णू शिस्ट’ हा सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा रूपांतरित (उष्णता व दाबाने बदललेला) खडक आहे. त्याला छेदून गेलेल्या ग्रॅनाइटच्या शिरा त्याच्यानंतरच्या, कारण जे छेदले जाते ते आधी असावेच लागते. त्यावर काही ठिकाणी थेट टॅपीट्स वालुकाश्म येतो. त्याचे वय सुमारे ५० कोटी वर्षे, म्हणजे मधला सुमारे १२० कोटी वर्षांचा काळ तिथे नोंदलेलाच नाही.

नागपूरला अशी दरी नाही. इथे थर जुळवायचे ते खाणी, विहिरी आणि नाल्यांच्या काठांवरून, आणि दूरदूरच्या उघड्या भागांना जोडण्यासाठी इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ यांनी रूढ केलेली, जीवाश्मांवरून थर ओळखण्याची पद्धत लागते. १८४५ पासून नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी टाकळी व सीताबर्डी परिसरातील जीवाश्म गोळा करून १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर निबंध प्रसिद्ध केला. काळ्या बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील शंखांचा पातळ गाळ आढळतो, त्याला आंतर-ट्रॅपी थर म्हणतात (‘ट्रॅप’ म्हणजे हाच बेसाल्ट). इथे खरा प्रश्न खालच्या बेसाल्टचा होता. तो आधी ओतला जाऊन थंड झाला आणि मग त्यावर तळे साचले, की तो गाळाखाली नंतर घुसला? नंतर घुसला असता, तर गाळाची खालची बाजूही तापून भाजलेली दिसली असती. शिवाय खालच्या लाव्हाचा माथा गाळ बसण्याआधीच झिजलेला आढळला, तर तो लाव्हा गाळापेक्षा जुना हे नक्की होते.

हिस्लॉप यांनी १८६० मध्ये हे थर तृतीयक, म्हणजे डायनासोर लोपल्यानंतरच्या, कालखंडातील मानले. आज दख्खनच्या लाव्हाचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे धरले जाते, त्यामुळे कालखंडाविषयीचे मत बदलले. लाव्हा, गाळ आणि पुन्हा लाव्हा हा क्रम मात्र वर्षांच्या मोजणीवर अवलंबून नाही.

नागपूर शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट आणि पूर्वेला अतिप्राचीन पट्टिताश्म (नाइस) हा रूपांतरित खडक आहे. या दोहोंच्या वयांत शंभर कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे. त्या मधल्या काळाचा एक छोटा तुकडा उत्तरेला कामठीच्या वालुकाश्मात सापडतो, म्हणून नागपूरचा स्तरक्रम मांडताना शहराबाहेरचा हा खडक जमेस धरावाच लागतो.