विलंब सर्किट

डिजिटल सर्किटमध्ये संकेत मिळाल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंत मुद्दाम राखलेले अंतर म्हणजे विलंब, आणि ते अंतर निर्माण करणारी जोडणी म्हणजे विलंब सर्किट. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री उभ्या राहणाऱ्या हलत्या नरकासुराचे आधी डोळे पेटावेत आणि तीनेक सेकंदांनी गदेचा हात वर जावा, अशी योजना करायची झाली की हौशी कारागिराला प्रथम याच सर्किटाची गरज पडते. हल्ली आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर हे काम प्रोग्रॅमच्या एका ओळीत होते. तरीही सुट्या भागांनी विलंब साधताना वेळ नेमका कुठे साठतो हे हाताला कळते, ते त्या एका ओळीत कळत नाही.

सर्वांत साधा विलंब रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या जोडीने मिळतो. १०० किलोओममधून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरत असेल, तर त्यांचा गुणाकार १ सेकंद येतो आणि पुरवठ्याच्या निम्म्या विद्युत दाबापर्यंत (व्होल्टेज) पोहोचायला सुमारे ०.६९ सेकंद लागतात. रेझिस्टरला समांतर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडला की चढताना उशीर आणि उतरताना घाई, किंवा डायोड उलटा केल्यास याच्या विरुद्ध, असे वर्तन मिळते. मात्र हा दाब सावकाश चढतो, आणि साध्या गेटला, म्हणजे शून्य की एक हे ओळखून उत्तर देणाऱ्या सर्किटाला, सावकाश चढणारा संकेत मानवत नाही. शून्य आणि एक यांच्या सीमेवर ते गेट थरथरते, म्हणजे एका बदलाऐवजी अनेक बदल बाहेर पाठवते. पुढे काउंटर असेल तर तो ते सगळे इमानेइतबारे मोजतो. म्हणून येथे ७४एचसी१४ किंवा सीडी४०१०६ यांसारखे श्मिट ट्रिगर गेट वापरतात, ज्यात चढण्याची आणि उतरण्याची सीमा वेगवेगळी असते. मात्र या सीमा प्रत्येक चिपमध्ये थोड्या बदलतात, त्यामुळे अशा विलंबाकडून काटेकोरपणाची अपेक्षा ठेवू नये.

हान्स कामेनझिंड यांनी रचलेली आणि सिग्नेटिक्सने १९७२ मध्ये बाजारात आणलेली ५५५ ही टायमर आयसी (चिप) याबाबत बरीच भरवशाची आहे, कारण तिची सीमा पुरवठ्याच्या दोन तृतीयांशावर बांधलेली असून तिचा वेळ १.१ × रेझिस्टरचा रोध × कपॅसिटरची धारिता इतका येतो. २७० किलोओम आणि १० मायक्रोफॅरड घेतल्यास तीन सेकंदांना किंचित कमी वेळ मिळतो. नवख्याची गफलत येथे ठरलेली आहे: ५५५ चे निर्गम (आउटपुट) ट्रिगर, म्हणजे चेतवणारा संकेत, मिळताच चढते आणि वेळ संपल्यावर उतरते, म्हणजे ती उशीर करत नाही, ठराविक काळ चालू राहते. नरकासुराचा हात उशिरा उचलायचा असेल, तर पहिल्या ५५५ च्या उतरत्या कडेने दुसरीला चेतवावे लागते. ती कडही छोट्या कपॅसिटरमधून द्यावी, कारण ट्रिगरचा दाब खालीच राहिला तर वेळ संपूनही निर्गम उतरत नाही. हात ओढणाऱ्या रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) गुंडाळीवर डायोड नसेल, तर रिले सुटताना उठणारा झटका टायमरला पुन्हा चेतवू शकतो.

विलंब मिनिटांत गेला की कपॅसिटर मोठा करत जाणे चुकते. वीज गेल्यावर फ्रिजचा कॉम्प्रेसर लगेच सुरू होऊ नये म्हणून ठेवतात तसा तीन मिनिटांचा विलंब ५५५ वर हवा असल्यास १०० मायक्रोफॅरडला सुमारे १.६ मेगओम लागतात. ५ व्होल्टवर शेवटी भरणारा प्रवाह एका मायक्रोअँपिअरच्या आसपास उरतो, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळती त्याहून अधिक असेल तर वेळ संपतच नाही. याऐवजी सीडी४०६० या काउंटर चिपमध्ये ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० किलोओमवर सुमारे ४३ हर्ट्झचा दोलक, म्हणजे ठराविक गतीने स्पंद देणारा भाग, चालवावा. ८१९२ स्पंद मोजून होताच शेवटचे निर्गम चढते आणि तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळतो. मोजलेला वेळ भरलेल्या वेळेपेक्षा नेहमीच सरस.

संकेतातील चढउतारांचा नमुना जसाच्या तसा पुढे ढकलायचा असल्यास शिफ्ट रजिस्टर, म्हणजे प्रत्येक स्पंदाला साठवलेले शून्य-एक एक घर पुढे सरकवणारी चिप, लागतो. रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी विलंबाहून आखूड स्पंद गिळून टाकते.

किनाऱ्यालगतच्या दमट, खारट हवेत मेगओमचा रेझिस्टर बोर्डावरच्या ओलसर मळीशी समांतर पडतो आणि वेळ बदलतो. चवथीच्या पावसाळी दिवसांत बसवलेले सर्किट म्हणूनच आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून, त्यावर लॅकर मारतात आणि रेझिस्टर शक्यतो एका मेगओमच्या आत ठेवतात.