एकाच दरीतून सगळं: हेलीनचा पूर आणि तुटलेल्या संपर्काची पार्श्वभूमी

26 सप्टेंबर 2024 च्या रात्री अकराच्या सुमारास हेलीन हे हरिकेन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पेरी गावाजवळ धडकलं. वाऱ्यांचा वेग ताशी सुमारे 225 किलोमीटर होता. वादळात अमेरिकेत अडीचशेच्या आसपास माणसं गेली. त्यातली शंभराहून अधिक एकट्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातली, आणि तीही बहुतांश राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतली. हा भाग वादळ धडकलं त्या किनाऱ्यापासून सुमारे 600 किलोमीटर दूर आहे. तिथलं मुख्य शहर ॲशव्हिल समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवर वसलंय. 2005 च्या कॅटरिनानंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर इतके बळी दुसऱ्या कुठल्याही हरिकेनने घेतले नव्हते.

डोंगरातल्या या मृत्यूंबरोबर आणखी एक गोष्ट घडली. 27 तारखेच्या सकाळपासून तो सगळा मुलूख बोलेनासा झाला. मोबाइल बंद, लँडलाइन बंद, इंटरनेट बंद, वीज नाही. अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या, म्हणजे एफसीसीच्या, आकड्यांनुसार 28 सप्टेंबरला पश्चिम नॉर्थ कॅरोलिनातले जवळपास तीन-चतुर्थांश मोबाइल टॉवर बंद पडले होते. बाहेरगावी राहणारी मुलं आईवडिलांना फोन लावत राहिली, आणि डोंगरातल्या लोकांना शेजारच्या खोऱ्यात काय झालंय याचा पत्ता नव्हता. असं कसं झालं, असा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. त्याचं उत्तर त्या एका आठवड्यात सापडत नाही. त्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी. ॲपलेशियन ही फार जुनी पर्वतरांग, आणि तिच्यातला ब्लू रिज हा उंच, झाडीने भरलेला पट्टा. मिसिसिपी नदीच्या पूर्वेचं सर्वांत उंच शिखर, 2,037 मीटरचं माउंट मिचेल, याच भागात आहे. उतार तीव्र आणि त्यांच्यावर झिजलेल्या खडकाची सैल माती. सपाट जागा म्हणाल तर ती फक्त नद्या-ओढ्यांच्या काठी. त्यामुळे घरं, शेतं, दुकानं, गिरण्या सगळ्या तिथेच उभ्या राहिल्या. रस्त्याला आणि रेल्वेलाही दुसरी वाट नव्हती. फ्रेंच ब्रॉड, स्वॅनानोआ, पिजन अशा नद्यांनी कोरलेल्या अरुंद दऱ्यांतूनच रूळ टाकले गेले, त्यांच्या बाजूने तारेचे खांब आले, मग महामार्ग आला, आणि शेवटी त्याच रस्त्यांच्या कडेने फायबर केबल गेली. इथली प्रत्येक नवी सोय जुन्या सोयीच्या वाटेनेच आली आहे. या मुलखाच्या संपर्काची सगळी दुर्बलता मला या एका गोष्टीत दिसते. नदी उठली की ती एकेक गोष्ट तोडत नाही, सगळं एकदम घेऊन जाते.

हे पहिल्यांदा फार मोठ्या प्रमाणावर दिसलं जुलै 1916 मध्ये. महिन्याच्या सुरुवातीला मेक्सिकोच्या आखातातून आलेल्या एका वादळाने डोंगरातली माती भिजवून ठेवली. आठवड्याभरातच दुसरं वादळ अटलांटिकच्या बाजूने, चार्ल्स्टनजवळ जमिनीवर आलं. 15 आणि 16 जुलैच्या पावसात ॲल्टापास इथे 24 तासांत 22.22 इंच, म्हणजे सुमारे 564 मिलिमीटर नोंद झाली. अमेरिकेतला तो तेव्हाचा विक्रम होता. ॲशव्हिलला फ्रेंच ब्रॉड 23.1 फुटांवर पोचली. सुमारे 80 माणसं गेली. कटॉबा नदीवरचा रेल्वे पूल कोसळला तेव्हा त्यावर काम करणारे कामगार नदीत पडले. रूळ उखडले, तारा तुटल्या, आणि ॲशव्हिलचा जगाशी संबंध काही काळ जवळजवळ संपला. पुढची शंभर वर्षं तिथे 'मोठा पूर' म्हटलं की लोकांच्या मनात 1916 च यायचं.

आधी एका पावसाने माती तृप्त करायची आणि मग वादळाने यायचं, हा क्रम लक्षात ठेवावा. हेलीनच्या वेळी तेच झालं. 25 सप्टेंबरलाच, हेलीन अजून समुद्रात असताना, ढगांच्या एका रेंगाळलेल्या पट्ट्यामुळे डोंगरात मुसळधार सुरू झाली होती. वादळ पोचेपर्यंत ओढे भरलेले होते, झाडांची मुळं धरून ठेवणारी माती चिखल झाली होती. तीन दिवसांत ॲशव्हिलच्या विमानतळावर सुमारे 14 इंच आणि यान्सी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ब्यूसिक इथे 30.78 इंच, म्हणजे जवळपास 780 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या 26 जुलैचे 944 मिलिमीटर आठवणाऱ्या किंवा महाबळेश्वरचा पावसाळा पाहिलेल्या वाचकाला हा आकडा अचाट वाटणार नाही. पण ॲशव्हिलला वर्षभरात पडतो तोच साधारण 1,200 मिलिमीटर, आणि तोही बारा महिन्यांत विभागलेला. दरवर्षी चार महिने असा पाऊस झेलणारे सह्याद्रीचे ओढे वेगळे, आणि हे वेगळे. फ्रेंच ब्रॉडने 1916 ची खूण दीड फुटाने ओलांडून 24.67 फूट गाठले. दरडी आणि चिखलाचे लोंढे किती सुटले याची मोजणी नंतर हवाई छायाचित्रांवरून झाली. ती दोन हजारांच्या वर गेली.

1916 आणि 2024 च्या मधे ज्या घटनेकडे फार कमी लोक पाहतात ती घडली शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात. 17 ऑगस्ट 1969 ला कमिल हे भयंकर हरिकेन मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आदळलं. दोन दिवसांनी ते विरलं असं मानलं जात असताना 19 तारखेच्या रात्री नेल्सन काउंटीवर त्याने आठ तासांत सुमारे 27 इंच पाऊस ओतला. हवामान खात्याकडून तशा पावसाचा कुठलाही इशारा नव्हता. डोंगरउतारच्या उतार झोपलेल्या घरांवर आले. त्या छोट्या काउंटीत सुमारे सव्वाशे माणसं गेली, साधारण शंभरात एक. फोनच्या तारा आणि पूल रात्रीच गेल्यामुळे आत किती नाश झालाय हे बाहेर कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला. आपल्याकडे 2014 मध्ये माळीण गाडलं गेल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

1969 ला इशारा नव्हता, 2024 ला होता. हा फरक ठळकपणे सांगायला हवा, कारण 'कुणी सांगितलंच नाही' असं नंतर फार बोललं गेलं. राष्ट्रीय हवामान सेवेच्या स्थानिक कार्यालयाने 26 सप्टेंबरला स्पष्ट लिहिलं होतं की आधुनिक काळात या भागावर आलेल्या सर्वांत मोठ्या घटनांपैकी ही एक असेल. 1916 शी तुलनाही केली होती. अंदाज बरोबर ठरला. अडचण पुढच्या टप्प्यावर होती. किनाऱ्यावर 'समुद्रापासून दूर जा' एवढं सांगून भागतं. डोंगरात दूर म्हणजे कुठे? खालच्या घराला पाण्याची भीती, वरच्याला दरडीची. शिवाय सरकारी पूरनकाशे मुख्यतः नद्यांचा विचार करतात, दरडींचा नाही.

दरडींच्या नकाशांची कथा तर मनाला लागते. सप्टेंबर 2004 मध्ये फ्रान्सिस आणि आयव्हन ही दोन वादळं दहा-एक दिवसांच्या अंतराने याच डोंगरांवरून गेली, आणि मेकन काउंटीतल्या पीक्स क्रीक या ओढ्यातून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने पाच माणसं मारली. त्यानंतर 2005 मध्ये राज्याने डोंगरी काउंट्यांचे दरडप्रवण नकाशे करायचं ठरवलं. चार काउंट्या पूर्ण झाल्या आणि 2011 मध्ये काम बंद केलं गेलं, पैसा काढून घेतला. 2018 मध्ये पुन्हा दरडींनी बळी घेतल्यावर ते परत सुरू झालं. मधली सात वर्षं डोंगरावर घरं बांधली जातच होती.

आता टॉवरांकडे वळू. मोबाइल टॉवर तीन गोष्टींवर उभा असतो: वीज, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी किंवा जनरेटर, आणि त्याला मुख्य जाळ्याशी जोडणारी केबल. बॅटरी साधारण चार ते आठ तास पुरते. जनरेटर असला तरी डिझेल संपल्यावर कुणीतरी रस्त्याने ते घेऊन यावं लागतं. हेलीनमध्ये भिजलेल्या मातीतून उन्मळलेली झाडं विजेच्या तारांवर पडली, राज्यात दहा लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले, रस्ते गेले म्हणून डिझेल पोचेना, आणि रस्त्याकडेची केबलही रस्त्याबरोबरच वाहून गेली. टेनेसीकडे जाणारा आंतरराज्य महामार्ग 40 पिजन नदीच्या घळईत ठिकठिकाणी अर्धा कापला गेला. तो मर्यादित वाहतुकीसाठी उघडायलाच 1 मार्च 2025 उजाडला. अशा ठिकाणी टॉवर धडधाकट उभा असूनही मुका असतो.

बॅटरीचा प्रश्न नवा नव्हता. 2005 मध्ये कॅटरिनाने न्यू ऑर्लिन्सचा संपर्क कोलमडल्यावर एफसीसीने समिती नेमली आणि 2007 मध्ये नियम केला: टेलिफोन एक्स्चेंजला 24 तासांची आणि मोबाइल टॉवरला 8 तासांची पर्यायी वीज हवी. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने न्यायालय गाठलं. हजारो टॉवरांच्या जागी बॅटऱ्या बसवणं अवघड आहे, भाडेकरार आणि इमारतींचे नियम आड येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने नियम स्थगित ठेवला. मग नोव्हेंबर 2008 मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने तो कागदी कामकाज कमी करण्याच्या कायद्याखाली नामंजूर केला आणि नियम मागे घेतला गेला. आठ तासांचा नियम असता तर हेलीनमध्ये सगळं सुरळीत राहिलं असतं, असं मी म्हणणार नाही; आठ तास तिथे फार अपुरे होते. पण ती किमान पायरीसुद्धा न टिकल्यामुळे पुढची पायरी कुणी मांडलीच नाही, आणि याचं मला दुःख वाटतं.

त्यानंतर भर राहिला स्वेच्छेवर. 2016 मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपत्तीत एकमेकांच्या ग्राहकांना आपलं जाळं वापरू देण्याची चौकट मान्य केली. 2017 मध्ये मारिया वादळाने पोर्टो रिकोतले 95 टक्क्यांहून जास्त टॉवर बंद पाडले आणि बेटाच्या डोंगराळ मध्यभागातली गावं कित्येक दिवस तुटून राहिली. 2022 मध्ये एफसीसीने ती चौकट सक्तीची केली. पण एका कंपनीचं जाळं दुसऱ्याला द्यायचं तर निदान एक तरी जाळं चालू असावं लागतं. विजेची सक्ती देशपातळीवर झाली नाही. कॅलिफोर्नियाने मात्र वणव्यांच्या अनुभवानंतर 2020 मध्ये धोक्याच्या भागांतल्या टॉवरांना 72 तासांची पर्यायी वीज बंधनकारक केली. म्हणजे हे करता येतं.

मग 27 सप्टेंबरनंतर तिथे चाललं काय? बरंचसं जुनंच. माउंट मिचेलवरचा हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर, म्हणजे संदेश पकडून पुढे दूरवर पाठवणारं यंत्र, सुरू राहिला, आणि आसपासच्या खोऱ्यांतले परवानाधारक त्यावरून कुणाला ऑक्सिजन हवाय, कुठला रस्ता उरलाय, कोण सुखरूप आहे हे दिवसरात्र सांगत राहिले. ॲशव्हिलच्या सार्वजनिक रेडिओने काउंटी प्रशासनाची निवेदनं थेट प्रसारित केली. लोक गाडीत बसून, पेट्रोल जपत, ती ऐकत. अग्निशमन केंद्रांबाहेर फळ्यांवर निरोप लिहिले गेले. काही वाड्यांपर्यंत औषधं आणि अन्न खेचरांच्या पाठीवरून गेलं. नव्यातलं उपयोगी पडलं ते आकाशातलं: स्टारलिंक या उपग्रह इंटरनेटच्या तबकड्या, आणि नव्या आयफोनवरून उपग्रहामार्फत जाणारे संदेश. ही सोय देणारं सॉफ्टवेअर हेलीनच्या जेमतेम दहा दिवस आधी, 16 सप्टेंबरला आलं होतं. साध्या फोनला थेट उपग्रहाशी जोडण्याची आणीबाणीची परवानगी एफसीसीने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दिली. नव्या सोयींपैकी डोंगरात नदीच्या वाटेने न येणारी एवढीच वाट शिल्लक होती.

ॲशव्हिलमध्येच अमेरिकेचं राष्ट्रीय पर्यावरण माहिती केंद्र आहे. देशाच्या पावसाच्या, तापमानाच्या, वादळांच्या नोंदींचं जगातलं फार मोठं भांडार. तेही त्या दिवसांत इंटरनेटवरून नाहीसं झालं, कारण वीज, पाणी आणि जोडणी त्याच खोऱ्यातून येत होती.

पाण्याचं तर त्याहून बोलकं. शहराचं बरंचसं पाणी नॉर्थ फोर्कच्या जलाशयातून येतं. 2004 च्या पुरात त्याच्या मुख्य जलवाहिन्या तुटल्या होत्या, म्हणून नंतर एक पर्यायी वाहिनी सुमारे 25 फूट खोल पुरली गेली. 2024 मध्ये मुख्य वाहिन्यांबरोबर तीही गेली. नळाला पुन्हा पिण्याजोगं पाणी आलं ते 18 नोव्हेंबरला, 53 दिवसांनी. शहराने आधीच्या पुरापासून धडा घेतला होता, प्रामाणिकपणे खर्चही केला होता. पण पर्यायी वाहिनी त्याच दरीतून गेली.

संपर्क नसताना जी पोकळी तयार झाली ती अफवांनी भरली. मदत अडवली जातेय, जमिनी बळकावल्या जातायत अशा गोष्टी बाहेरच्या जगात पसरल्या. आत अडकलेल्यांपैकी कुणाकडे त्या खोडायला फोन नव्हता. ऑक्टोबरच्या मध्यात धमक्यांमुळे रदरफर्ड काउंटीत केंद्रीय मदत संस्थेला, फेमाला, घरोघर जाण्याचं काम काही काळ थांबवावं लागलं. ज्यांना अर्ज भरून मदत मिळायची होती, त्यांचे ते दिवस वाया गेले.

कोणत्या काउंटीतले किती टॉवर बंद आहेत हे एफसीसी 2007 पासूनच्या एका नोंदणी व्यवस्थेतून आपत्तीच्या काळात रोज प्रसिद्ध करते. पण कुठल्या कंपनीचा कुठला टॉवर किती तासांनी आणि नेमका कशामुळे पडला, वीज गेली म्हणून की केबल तुटली म्हणून, हा तपशील गोपनीय मानला जातो. त्यामुळे यान्सी किंवा मिचेल काउंटीच्या प्रशासनाला पुढच्या वेळी जनरेटर आधी कुठे न्यायचा आणि दुसरी केबल कुठल्या डोंगरावरून ओढायची हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती त्यांच्या हाती सहज येत नाही. ती निदान त्या काउंट्यांना तरी मिळायला हवी.