अंतराळात सोनोग्राफी: प्रोब कोणी धरायचा?

सोनोग्राफी करून आलेल्या माणसाला तो गार जेल नक्की आठवतो. प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा यंत्राचा हातात धरायचा भाग, आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी ध्वनिलहरी तिथूनच माघारी फिरतात. म्हणून जेल लावायचा. एकदा आत शिरल्या की मऊ ऊतींमधून त्या सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने धावतात, अवयवांच्या कडांवर आपटून परत येतात आणि परतायला लागलेल्या वेळेवरून यंत्र चित्र रचतं.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर फिरतं. तिथे सीटी स्कॅन किंवा एमआरआयची अवजड यंत्रं नेणं परवडत नाही. शरीराच्या आत डोकवायचं तर भिस्त सोनोग्राफीवरच.

जेलची मला वाटली होती तेवढी अडचण होत नाही. पृष्ठताणामुळे तो कातडीला धरून राहतो. पंचाईत होते ती प्रोब दाबताना. रुग्णाच्या पोटावर प्रोब टेकवून जोर दिला की तपासणाराच मागे ढकलला जातो, म्हणून आधी पाय पट्ट्यांत अडकवून घ्यावे लागतात. शिवाय शरीरही बदललेलं असतं. रक्त आणि इतर द्रव डोक्याकडे सरकतात, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. जमिनीवर पोटात रक्तस्राव झाला तर उताण्या झोपलेल्या रुग्णात ते ठरावीक खोलगट जागी साचतं आणि डॉक्टर आधी तिथेच बघतात. वजनरहित अवस्थेत ‘खाली’ असं काही उरतच नाही.

पण सगळ्यात मोठी उणीव माणसाची. सोनोग्राफीत अर्धी विद्या हातात असते, आणि तो सराव असलेला डॉक्टर स्थानकावर नसतो. डेट्रॉइटचे सर्जन स्कॉट डुलचाव्स्की आणि नासातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ही विद्या दोन माणसांत वाटून टाकली: हात अंतराळवीराचा, नजर जमिनीवरच्या तज्ज्ञाची. अंतराळवीरांना थोडक्यात प्रशिक्षण आणि सोबत चित्रांची कार्डं द्यायची. मग पृथ्वीवरून पडदा बघत तज्ज्ञाने सांगायचं, जरा डावीकडे, आता प्रोब तिरका, बस, तिथेच थांबा. २००४ मध्ये अंतराळवीर माइक फिंके आणि गेनाडी पदाल्का यांनी अशा रीतीने खांद्याची तपासणी केली. चित्रं निदानाला पुरेशी ठरली. त्यावरचा शोधनिबंध २००५ मध्ये ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात आला, आणि त्याच्या लेखकांत ते दोघेही आहेत.

हीच पद्धत पुढे एव्हरेस्टच्या तळछावणीवर वापरून पाहिली गेली. आपल्या मेळघाटासारख्या भागात ती का नाही, असा विचार मनात येतोच. पण गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, कायदा केला; १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्यामुळे प्रोब कोणाच्या हाती द्यायचा यावर कडक बंधनं आहेत. बंधनांचं कारण खरं आहे, आणि ती सैल करावीत असं मला वाटत नाही. तरी खांदा, फुप्फुस, मानेची शीर एवढंच दाखवणारं यंत्र बनवता आलं, तर त्याचा विचार व्हावा असं मनापासून वाटतं.

मानेची शीर म्हणायचं कारण आहे. अंतराळात रक्त डोक्याकडे सरकलं की या शिरेतला प्रवाह मंदावतो. ११ अंतराळवीरांच्या अभ्यासात ६ जणांत तो थांबलेला किंवा उलटा वाहताना दिसला; हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका अंतराळवीराच्या शिरेत तर, मोहिमेच्या साधारण दोन महिन्यांनंतर, चक्क गुठळी सापडली. त्रास काहीच नव्हता. संशोधनासाठी सोनोग्राफी केली नसती तर कळलंही नसतं.

उपचार जमिनीवरच्या डॉक्टरांनी ठरवले. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा स्थानकावरचा साठा मोजकाच होता, सिरिंजही थोड्याच. मालवाहू यानातून गोळ्या पोहोचेपर्यंत, सुमारे ४० दिवस, तो पुरवून वापरावा लागला. या काळात त्या अंतराळवीराने पृथ्वीवरून मिळणाऱ्या सूचनांनुसार स्वतःच्याच मानेवर प्रोब फिरवला. गुठळी हळूहळू लहान होत गेली. पण शिरेतून रक्त आपोआप वाहायला लागेना, ९० दिवस औषध घेऊनही नाही.

परतीच्या ४ दिवस आधी गोळ्या बंद केल्या. यान उतरलं, शरीराला पुन्हा वजन मिळालं आणि शिरेतून रक्त वाहू लागलं. २४ तासांनी गुठळी शिरेच्या भिंतीला चपटी होऊन चिकटलेली होती. दहाव्या दिवशी ती दिसली नाही.